जयवंतांचा जाब

“मागची बाजू आधी,” देशकर सर म्हणाले आणि माझ्या हातातलं पत्र त्यांनी टेबलावर पालथं केलं. “पुढून काय लिहिलंय ते कोणीही वाचतं, बोरकुटे. पोचलं कधी, ते मागे असतं.”

पत्राच्या पाठीवर एका कोपऱ्यात मोडीतली बारीक ओळ होती. सरांनी तिच्याखाली पेन्सिलीचं टोक धरलं. “ही पैवस्ती. जुनी माणसं आलेल्या प्रत्येक पत्रावर पोचल्याचा दिवस टाकायची. लढाई कोणाला हवी होती, हे मला विचारू नकोस. ते लढाई झाल्यावर जो तो सांगतो. कोणत्या दिवशी कोणाच्या हातात कोणता कागद होता, एवढं सांग. म्हणजे लढाई कशी लागली ते आपोआप कळतं.”

ही गोष्ट सहासष्ट सालच्या जानेवारीतली. मी सव्वीस वर्षांचा, नागपुरात सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होतो. विषय होता अठराशे तीनची इंग्रज-मराठ्यांची लढाई. लढाई नव्हे, तिच्या आधीची बोलणी. भोसल्यांचे वकील, इंग्रजांचे वकील, त्यांची पत्रं आणि त्या पत्रांची उत्तरं. सरांच्या घरी एका भिंतीवर तपकिरी कागदाचा भलामोठा तक्ता लावलेला होता. आडवे दिवस, उभी माणसं. प्रत्येक चौकोनात एकच गोष्ट भरायची: त्या दिवशी त्या माणसाला काय ठाऊक होतं. तक्ता निम्म्याहून जास्त रिकामा होता, आणि तो भरायला आम्ही दर रविवारी पहिल्या मोटारीने वैनगंगेकाठच्या एका गावी जात होतो. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून आहेत, आणि विदर्भातल्या माणसाला आपल्या गावाबद्दल दुसऱ्याने बोललेलं खपत नाही.

तिथले पोस्टमास्तर नानासाहेब जयवंत. त्यांचे पूर्वज खंडो बाजी जयवंत हे भोसल्यांचे वकील म्हणून इंग्रजांच्या छावणीत बसलेले होते. त्यांच्या घराण्याचे कागद नऊ रुमालांत बांधून एका लोखंडी पेटीत होते. रुमाल म्हणजे कागद बांधायचं चौकोनी कापड. आमच्या धंद्यात गठ्ठ्यालाच रुमाल म्हणतात. नानांनी ते आजवर कोणाला दाखवले नव्हते. आम्हाला दाखवले त्याला कारण होतं.

त्या गावात एक म्हण होती. कोणी पत्राला उत्तर दिलं नाही, निरोपाला निरोप आला नाही, की लोक म्हणत, “जयवंतांचा जाब आहे बाप्पा, वाट पाहा.” जाब म्हणजे उत्तर. त्यामागची कहाणी अशी, की राजाचं पत्र खंडो बाजींना गेलं होतं: इंग्रजांची अट मान्य आहे असं सांगा आणि लढाई थांबवा. पण खंडो बाजी पत्र उशाखाली ठेवून झोपले, जाब दिलाच नाही, आणि लढाई लागली. सगळा दोष त्या एका माणसावर. दीडशे वर्षं झाली तरी गाव विसरलं नव्हतं. त्यात नाना पोस्टमास्तर! टपाल अर्धा तास उशिरा आलं की खिडकीपाशी हमखास कोणीतरी म्हण टाकायचं. नाना वरून हसत, आणि मग रात्री जेवत नसत, असं मला कुंदाने सांगितलं.

“तुम्ही खरं काय ते शोधा जी,” नाना पहिल्याच दिवशी सरांना म्हणाले होते. “खंडो बाजी झोपणारे नव्हते. आमच्या घरात कागद पडून राहत नाही. मी बत्तीस वर्षं नोकरी करून राहिलो, एक पत्र माझ्या हातून अडकलं नाही.”

“जे असेल ते लिहू,” सर म्हणाले.

“तेच म्हणतो मी. जे असेल ते.”

कुंदा नानांची मुलगी. बावीस वर्षांची, बी.ए.च्या परीक्षेला बाहेरून बसत होती. आई लहानपणीच गेलेली, भाऊ रायपूरला नोकरीला. आमच्यासाठी रुमाल सोडायचे, कागदांवरची धूळ मऊ कुंचल्याने झाडायची, त्यांना क्रमांक द्यायचे आणि यादी करायची, हे काम तिने आपणहून अंगावर घेतलं. एक रुमाल संपत आला की बुधवारी ती पुढचा सोडून त्याची यादी तयार ठेवी. तिसऱ्या रविवारी मला म्हणाली, “नुसतं झाडून काय फायदा? मला मोडी शिकवा.”

मी शिकवली. मला वाटलं होतं, हिला सहा महिने लागतील. सहा आठवड्यांत ती माझी अडलेली अक्षरं सोडवू लागली. सर समोर बसलेले असत म्हणून आमचं बोलणं सगळं कागदांबद्दल. पण कागदांबद्दलही किती बोलता येतं, हे मला तेव्हा कळलं. एकदा मी नागपूरहून संत्री घेऊन गेलो. परत निघताना रिकाम्या पिशवीवर पेन्सिलीने मोडीत पैवस्ती टाकलेली दिसली: ‘पै॥ संत्री अकरा. एक वाटेत गहाळ.’

“डझन तर बाराचं असते ना?” ती दारात उभी राहून म्हणाली.

“वाटेत दरोडा पडला.”

“दरोडेखोराच्या शर्टावर डाग आहे.”

मी खाली पाहिलं. होता. ती हसली ते मागे वळून, कारण आत नाना होते. मोटारीत सर अठराशे दोनच्या तहाबद्दल बोलत होते आणि मी ‘हो सर’ म्हणत होतो. मी पुरता बुडालो होतो, हे सरळच सांगतो. त्यानंतर मी जे काही नेई त्याची पैवस्ती होई: शाईची दौत, परीक्षेची पुस्तकं, एकदा सर्दी. ‘पै॥ पडसे, बोरकुट्यांकडून.’

ते तिला सांगायचं कसं? पोस्टाने पत्र टाकावं, तर त्या गावात येणारं प्रत्येक पत्र नानांच्या हातातून जाणार. समोर बोलावं, तर सर आणि नाना दोघं हजर. त्यात ती जयवंत आणि मी बोरकुटे. माझ्या वडिलांची तेलाची घाणी होती, आणि त्या काळात हे अंतर वैनगंगेच्या पात्राहून रुंद होतं. शेवटी मला जी युक्ती सुचली ती कागदांत बसून डोकं फिरलेल्या माणसालाच सुचेल. मी पत्र लिहिलं आणि ठरवलं, की ते सातव्या रुमालात ठेवायचं. सहावा चालू होता. बुधवारी ती सातवा सोडणार, एकटीच असणार, आणि अठराशे तीनच्या कागदांत तिला सहासष्टचा एक कागद मिळणार.

पत्रात मी काय लिहिलं ते सगळं सांगत नाही. शेवट मात्र सांगायलाच हवा, कारण तो मूर्खपणाचा होता. ‘उत्तर आलं नाही, तर नाही असं समजेन आणि पुन्हा कधी त्रास देणार नाही.’ सर आम्हाला नेहमी बजावत, की उत्तराची अट घालून पत्र धाडणारा पोचल्या दिवसापासून नव्हे, लिहिल्या दिवसापासून दिवस मोजतो आणि तिथेच फसतो. दुसऱ्यांच्या पत्रांत मला ते बरोबर दिसे.

एप्रिलचा पहिला रविवार. दुपारी सर आणि नाना जेवायला बसले होते. कुंदा वाढत होती. मी हात धुवायच्या निमित्ताने मागच्या खोलीत आलो, पेटीतल्या सातव्या रुमालाची गाठ सैल केली, पत्र आत सारलं आणि गाठ होती तशी बांधली. जेवताना मी आमटीत मीठ नाही असं म्हणालो आणि मीठ होतं.

चारच्या सुमारास सहाव्या रुमालात ते पत्र सापडलं. राजाचं, खंडो बाजींच्या नावाचं. कहाणीतलंच पत्र. ते खरंच होतं, हेच आधी आम्हाला पचेना. सरांनी चष्मा पुसला. नाना बाहेरच्या खोलीतून येऊन टेबलाच्या टोकाशी उभे राहिले. मी पत्र पालथं केलं. कोपऱ्यात ओळ होती आणि ती मी मोठ्याने वाचली, कारण मला वाचता येत होती आणि कुंदा ऐकत होती.

“पैवस्ती छ चार रबिलाखर.”

“म्हणजे?” नानांनी विचारलं.

छ म्हणजे चंद्राची तारीख, रबिलाखर हा हिजरी महिना. मी जंत्री पाहिली. “चोवीस जुलै, अठराशे तीन.”

“आणि लढाईला तोंड लागलं कधी?”

“सात ऑगस्टला.”

चौदा दिवस. नानांनी एका हाताने टेबलाची कड धरली.

मग सर म्हणाले, “थांब. अक्षर कोणाचं आहे? पैवस्ती कोणी टाकली ते बघायला हवं. खंडो बाजींच्या हातचं काहीतरी सातव्यात असेल. काढ सातवा, आत्ताच ताडून पाहू.”

आणि ते स्वतः उठून पेटीकडे वळले.

माझ्या आयुष्यातला तो क्षण एवढाच आहे. सरांचा हात पेटीच्या झाकणावर, आणि आत सगळ्यांत वर माझं पत्र, पांढऱ्या शुभ्र पाकिटात. नानांच्या देखत ते बाहेर येणार. मी म्हणालो, “गरज नाही सर. अक्षर वकिलांचंच आहे. मी ओळखतो.”

“नक्की?”

“नक्की. आणि पत्र त्यांच्याच घरात तर सापडलं. दुसऱ्या कोणाची पैवस्ती असणार?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. विद्यार्थ्यावर त्यांचा विश्वास होता. त्यांनी झाकणावरचा हात काढला.

“म्हणजे पत्र मिळालं होतं,” नाना म्हणाले. “गाव खरं बोलत होतं.”

“नाना, एका कागदावरून...” सर म्हणू लागले.

“जे असेल ते, असं मीच बोललो होतो जी.” नानांचा आवाज अगदी हळू होता. “आता पुरे. तुम्ही मोठी माणसं, माझा राग नाही. पण पुढच्या रविवारी येऊ नका.”

कुंदा दारात उभी होती. ती माझ्याकडे पाहत होती, पण रागाने नव्हे. काहीतरी चुकतंय हे तिला दिसत होतं आणि काय ते कळत नव्हतं. मी मान खाली घातली. मनात एकच हिशेब चालला होता: बुधवारी ती रुमाल सोडेल. आम्ही येवो न येवो, बुधवारी ती सोडेलच.

बुधवार गेला. त्यानंतरचेही बुधवार गेले. होस्टेलच्या टपालाच्या कप्प्यापाशी मी दिवसातून दोनदा जात होतो. पावसाळा आला, गेला. तिचं उत्तर आलं नाही. स्वतःच घातलेली अट माझ्या गळ्यात धोंड्यासारखी अडकली होती. पुन्हा त्रास देणार नाही, असं लिहून बसलो होतो ना! मग माणूस मानी होतो. मी स्वतःशी म्हणालो, जयवंतांचा जाब आहे, दुसरं काय. आणि त्याच भरात मी लेख लिहिला. चोवीस जुलैला पत्र वकिलाच्या हाती होतं आणि तो गप्प राहिला, असं पुराव्यानिशी. लेख गाजला. त्यावर मला पदवी मिळाली, नोकरी मिळाली. सरांनी तक्त्यावरचा खंडो बाजींचा चौकोन भरला तो माझ्या शब्दावर.

एकाहत्तरच्या मे महिन्यात, सोळा तारखेला माझं लग्न झालं. पत्रिका मी नानांच्या नावे पाठवली, सहकुटुंब सहपरिवार. का पाठवली? तिच्या डोळ्यांखालून जावी म्हणून. एवढा क्षुद्रपणा माझ्यात होता, आणि त्याच्याखाली आशाही होती. कोणी आलं नाही. माझी बायको सुमन चांगली बाई आहे. तेहेतीस वर्षांचा संसार झाला आणि मी तो वाईट केला नाही. पण घरात संत्री आली की मी ती मोजतो. का, ते तिने कधी विचारलं नाही.

दोन हजार चार साली, मी निवृत्त होऊन बसलो असताना, दारात एक रिक्षा थांबली. पन्नाशीचा एक गृहस्थ उतरला आणि त्याच्या मागून लोखंडी पेटी. पेटी मी ओळखली. गृहस्थाला मी ओळखत नव्हतो. तो कुंदाचा भाचा निघाला, म्हणजे भावाचा मुलगा.

“आत्या गेली,” तो म्हणाला. “मार्चमध्ये. तिने लिहून ठेवलं होतं, की हे दप्तर बोरकुटे सरांच्याच हातात द्यायचं, दुसऱ्या कोणाच्या नाही.”

“त्यांचं कुटुंब...”

“लग्न केलं नाही तिने. तिथल्याच शाळेत शिकवत होती. मुलांना मोडी शिकवायची, सुट्टीत, फुकट.” तो हसला. “आम्हाला सगळ्यांना येते.”

पेटीत वरच तिच्या अक्षरातली यादी होती, नऊही रुमालांची. कडेला एक टीप: ‘पेटी ता. ३ एप्रिल १९६६ रोजी संध्याकाळी नानांनी कुलूप लावून बंद केली. किल्ली त्यांच्या जानव्याला. त्यांच्या पश्चात, मे १९७१मध्ये उघडली.’

मी खुर्चीवर बसलो. म्हणजे त्या रविवारीच. आमची मोटार वेशीबाहेर पडली असेल नसेल तोवरच. माझं पत्र पाच वर्षं तिच्या घरात होतं, ती रोज झाडायची त्या पेटीत, तिच्या हातापासून एका कुलपाच्या अंतरावर.

सातवा रुमाल सोडला. सगळ्यांत वर खंडो बाजींनी आपल्या धाकट्या भावाला लिहिलेलं पत्र ठेवलेलं होतं. मागची बाजू आधी पाहायची सवय. पण या वेळी पुढूनच वाचलं. ‘राजश्रींचे पत्र घरी आले ते तुम्ही ठेवून घेऊन नक्कल करून पाठविली, ते छ २२ रबिलाखरी पावली. तोंड लागोन चार रोज जाहाले. आता कागद दाखवून फळ काय?’

राजाचं पत्र चोवीस जुलैला पोचलं होतं ते खंडो बाजींच्या नागपूरच्या घरी. पैवस्ती भावाने टाकली होती. छावणीत, त्यांच्या हातात, त्याची नक्कल पडली ती अकरा ऑगस्टला. तोवर तोफा सुरू झालेल्या होत्या. घरात पोचलेलं पत्र हातात पोचलेलं नसतं, एवढी साधी गोष्ट. सर सातवा रुमाल काढायला निघाले होते तेव्हा पाच मिनिटांत ती कळली असती. सरांना, नानांना, सगळ्यांना. नाना तो डाग घेऊन गेले तो माझ्या हातचा.

त्या पत्राखाली दोन कागद दोऱ्याने एकत्र बांधलेले होते. वरचा माझ्या लग्नाची पत्रिका. खालचं माझं पांढरं पाकीट, आता पिवळं पडलेलं, नीट कापून उघडलेलं. मी दोन्ही पालथी केली. सरांनी शिकवलं होतं तसं एकापुढे एक मांडली.

पत्रिकेच्या पाठीवर मोडीत, बारीक: ‘पै॥ ता. ५ मे १९७१.’

पाकिटाच्या पाठीवर: ‘पै॥ ता. ७ मे १९७१.’

मी तक्ता मांडला. डोक्यातल्या डोक्यात, त्या तपकिरी कागदासारखाच. पाच तारखेला तिच्या हातात माझ्या लग्नाची पत्रिका होती. सात तारखेला माझं पत्र, आणि त्याच रुमालात तिच्या घराण्याची निर्दोष सुटका. सोळाला माझं लग्न. मध्ये नऊ दिवस होते. नागपूरची मोटार साडेतीन तासांची. तार तर गावच्या पोस्टातूनच करता आली असती. तिने एक ओळ पाठवली असती तरी मी काय केलं असतं, ते मला ठाऊक आहे. तिलाही ठाऊक होतं. म्हणून पाठवली नाही. आणि खंडो बाजींचं पत्रही नाही. त्याच्यामागे सातवा रुमाल आला असता, रुमालामागे मी. नाना खरं बोलत होते हे गावाला ओरडून सांगण्याचा कागद हातात असताना तिने तेहेतीस वर्षं गावात ती म्हण ऐकून घेतली.

सुमन चहा घेऊन आली. “काय सापडलं एवढं?”

“एका वकिलाचं पत्र,” मी म्हणालो. “मी त्याला दोषी ठरवलं होतं. तो नव्हता.”

“मग दुरुस्ती छापा,” ती म्हणाली आणि कप ठेवून गेली.

दुरुस्ती छापली. पंधरा प्रती घेऊन त्या गावी गेलो, एक पोस्टाच्या भिंतीवर लावून आलो. खंडो बाजी जयवंत झोपले नव्हते, हे आता तिथे सगळ्यांना ठाऊक आहे. पण पाकिटावर तारखेखाली आणखी एक ओळ होती. आलेल्या पत्राचं पुढे काय करायचं, तो शेरा जुने कारकून पैवस्तीखाली मारत, तसाच तिने मारला होता. शाई तीच, हात जरासुद्धा हललेला नाही:

‘जाब लिहिणे नलगे.’

दोनशे वर्षं ज्या गोष्टीसाठी गाव त्या घराला नावं ठेवत आलं, ती गोष्ट, वेळ असताना हातात पडलेल्या पत्राला मुद्दाम उत्तर न देण्याची, त्या घरात एकदाच घडली. ती माझ्या पत्राच्या बाबतीत. आणि तिची दुरुस्ती मला कुठेच छापता येत नाही.